आरसे झाकलेला हॉल : इटिंग डिसऑर्डर असलेल्या मुलांसाठी ड्रामा थेरपीचा गट घेताना

जुलै ते ऑक्टोबर २०२५ या काळात पुण्यात आम्ही सोळा ते एकवीस वयाच्या सात मुलामुलींसाठी ड्रामा थेरपीचा, म्हणजे नाटकाच्या साधनांनी चालणाऱ्या मानसोपचाराचा, बारा सत्रांचा गट घेतला. सगळ्यांना इटिंग डिसऑर्डरचं, म्हणजे खाण्याशी आणि वजनाशी निगडित मानसिक आजाराचं, निदान झालेलं होतं. ‘आम्ही’ म्हणजे एक ड्रामा थेरपिस्ट आणि एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. या कामाचा व्यवहार, म्हणजे हॉल कसा हवा, कागद कोणते लागतात, पैसे किती जातात, गाडी कुठे अडते, हे मराठीत एका जागी मिळावं म्हणून हे लिहितो आहोत. मुलांच्या गोष्टी यात नाहीत. त्या त्यांच्या आहेत.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ड्रामा थेरपीने वजन वाढत नाही आणि उलट्या थांबत नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलांच्या अॅनोरेक्सियासाठी (जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार) पहिलं स्थान कुटुंबाला सोबत घेऊन चालणाऱ्या थेरपीला आहे. ड्रामा थेरपीवरचे अभ्यास अजून लहान आहेत. मग ती करायची कशासाठी? ‘तुला काय वाटतं?’ असं विचारल्यावर ‘माहीत नाही’च्या पलीकडे ज्यांना शब्द फुटत नाही, त्यांना पात्राच्या आडून बोलता येतं म्हणून. या आडोशातच सगळं काम होतं. गटात जेव्हा जेव्हा काही बिनसलं, तेव्हा हा आडोसा अपुरा पडलेला होता.

एप्रिलमध्ये शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांना, बालरोगतज्ज्ञांना आणि आहारतज्ज्ञांना पत्रं पाठवली. बराच काळ कुणाचंच उत्तर नाही. गट भरणारच नाही अशी धाकधूक होती. बारावीचा निकाल लागल्यावर मे महिन्यात एकदम नावं येऊ लागली. परीक्षा होईपर्यंत घरात दबून राहिलेलं निकालानंतर बाहेर येतं, त्यामुळे पत्रं फेब्रुवारीत पाठवली तरी नावं मेच्या सुमारासच येतील असं धरून चाला.

काही पालक नेटवरची ‘स्कॉफ’ प्रश्नावली भरून थेट आमच्याकडे आले. तिच्यात पाच प्रश्न असतात : पोट फार भरल्यासारखं वाटून मुद्दाम उलटी काढता का, खाण्यावरचा ताबा सुटेल अशी काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजता का, खाण्याच्या विचारांनी दिवस व्यापलाय का. दोन किंवा अधिक ‘हो’ आले तर डॉक्टरकडे जायचं, एवढाच तिचा अर्थ. ते निदान नव्हे. अशा पालकांना आम्ही आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं.

निदानानंतर फिटनेसचं पत्र. डॉक्टरांकडून आम्ही हे मागितलं : दिवसा जागेपणीची नाडी, आडवं असताना आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब, ईसीजी, आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम. दिवसाची नाडी पन्नासच्या खाली असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, पोटॅशियम उतरलेलं असेल किंवा वजन झपाट्याने घसरत असेल, तर गट नाही. आधी वैद्यकीय उपचार, लागलं तर दाखल होणं. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तेव्हाही हेच. नकार देणं जड जातं, कारण पालक शेवटची आशा म्हणून आलेले असतात. अशा घरांना आम्ही पुढच्या गटाची तारीख आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. शिवाय एक गोष्ट बजावून सांगितली : बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट कोसळून जिवावर बेतू शकतं. खाणं किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरच ठरवतील.

चाचण्या, अपॉइंटमेंट, रिपोर्ट आणि पत्र यांत एका घराचा साधारण महिना जातो. बुलिमिया (एकदम खूप खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याचा आजार) असलेल्यांच्या बाबतीत जास्तच, कारण त्यांचं वजन बहुतेकदा नॉर्मल असतं आणि ‘हिला कशाला ईसीजी?’ असं विचारलं जातं. मुलग्यांचं तर निदानच उशिरा होतं. जिम, प्रोटीन आणि ‘कट’ (चरबी उतरवणं) यांच्या भाषेत आजार लपतो आणि घरच्यांना तो शिस्तीसारखा दिसतो.

संमतीचे कागद दोन तऱ्हांचे. अठरा पूर्ण असलेल्यांची स्वतःची सही. अठराखालच्यांसाठी पालकाची संमती, आणि त्यासोबत मुलाचा होकार वेगळ्या कागदावर, सोप्या मराठीत. कायद्याच्या दृष्टीने पालकाची सही पुरेशी असली तरी मुलाचा होकार नसेल तर आम्ही प्रवेश देत नाही. आईवडिलांनी दामटून बसवलेलं मूल बारा आठवडे कोपऱ्यात बसून राहतं आणि गटालाही जड होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार माहिती गोपनीय असते. तिला अपवाद कोणते ते त्याच कागदावर लिहिलं होतं : जिवाला धोका असेल तर घरी आणि डॉक्टरांना कळवणार, आणि अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. हे पहिल्या भेटीतच मोठ्याने वाचून दाखवावं. नंतर सांगितलं तर मुलांना दगा झाल्यासारखं वाटतं.

पालकांसाठी एक सूचना. भारतात ड्रामा थेरपिस्टची कायद्याने ठेवलेली वेगळी नोंदणी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती तपासता येते. ड्रामा थेरपिस्टला मात्र तुम्हीच विचारा : प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झालं, रुग्णांसोबत काम कोणाच्या देखरेखीखाली केलं, आज सुपरव्हिजन, म्हणजे कामावर अनुभवी थेरपिस्टचं नियमित मार्गदर्शन, कोण देतं. नाट्यशिबिरं उत्तम घेणारा माणूस या कामाला पुरेसा नाही.

हॉल शोधायला वेळ लागला तो आरशांमुळे. पुण्यात तालमीला मिळणाऱ्या बहुतेक हॉलमध्ये एक अख्खी भिंत आरशाची असते, कारण तिथे नृत्याचे वर्गही चालतात. शेवटी डबल बेडच्या जाड चादरी आणि मोठे क्लिप घेऊन आरसे झाकायचं ठरवलं. मुलं येण्याआधी अर्धा तास त्यात जातो, म्हणून हॉल अडीच तासांसाठी घ्यावा लागला. चादर पातळ नको, मागून आकृत्या दिसतात. सतरंजीवर जाड गाद्या टाकल्या, कारण वजन उतरलेल्या मुलांना पाठीचा कणा आणि माकडहाड टेकवून बसणं दुखतं. त्यांना थंडीही लवकर वाजते, त्यामुळे पंखा बारीक आणि दोनतीन शाली हाताशी. खुर्च्या बिनहातांच्या.

वेळ साडेचार ते सव्वासहा. चारचं खाणं घरी, पालकांसमोर झालेलं असलं पाहिजे, ही अट. सत्र खाण्याच्या वेळेवर ठेवलं की ‘थेरपी होती ना’ ही आयती सबब मिळते.

हिशेब असा. हॉल तासाला ७०० रुपये, म्हणजे दर शनिवारी १,७५०. सामान सगळं मिळून साडेतीन हजार, त्यात सर्वात महाग गाद्यांच्या खोळी. सुपरव्हिजन पंधरवड्याला एक तास, २,००० रुपये. फी माणशी १,२०० रुपये सत्राला. सातपैकी दोघांना निम्मी. फी तीन हप्त्यांत घेतली. डॉक्टरांनी थांबवलं म्हणून चुकलेल्या सत्राची फी घेतली नाही. हा नियम जरूर ठेवा, नाहीतर पैसे फुकट जातील म्हणून पालक नाडी उतरलेल्या मुलालाही पाठवतात.

पहिलं सत्र ५ जुलैला. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. उपवासाचा प्रश्न त्यामुळे दारातच उभा राहिला, आणि पुढे श्रावण, हरतालिका, नवरात्र यांनी तो वारंवार आणला. न खाण्याला घरातून शाबासकी मिळते असे हे दिवस. यावर गटात चर्चा करायची नाही असं आमचं ठरलेलं होतं. आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांच्याकडून ‘यंदा उपवास नाही’ असं लेटरहेडवर लिहून आणायला पालकांना सांगितलं. आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे आजीआजोबांना मान्यच असतं. त्यांना फक्त हा आजार आहे हे कागदावर दिसावं लागतं.

गटाचे नियम तीनच. आकडे बोलायचे नाहीत : वजन, कॅलरी, कपड्यांचं माप, किलोमीटर काहीच नाही. खाणं टाळायच्या युक्त्या सांगायच्या नाहीत. कुणाच्या शरीराबद्दल बोलायचं नाही, कौतुकसुद्धा नाही. पहिले दोन नियम चढाओढ रोखण्यासाठी. अॅनोरेक्सियाच्या गटात सर्वात आजारी कोण याची एक न बोललेली स्पर्धा असते आणि एक आकडा तिला पेटवायला पुरतो.

सत्राची मांडणी शेवटपर्यंत बदलली नाही. पंधरा मिनिटं हजेरी, वीस मिनिटं वॉर्म-अप, चाळीस मिनिटं मुख्य काम, पंधरा मिनिटं पात्रातून बाहेर येणं, पंधरा मिनिटं समारोप. हजेरीत ‘आठवडा कसा गेला’ विचारायचं नाही, उत्तर खाण्यावरच जातं. आज आपण कोणता रस्ता आहोत ते सांगायचं. सिंहगड रोड संध्याकाळी सातचा, किंवा प्रभात रोड पहाटेचा. वॉर्म-अपमध्ये पळापळीचे खेळ नाहीत. नाट्यशिबिरात ते हमखास असतात, पण इथे काहींना व्यायामाची सक्ती जडलेली असते आणि खेळ संपला तरी ती मुलं थांबत नाहीत. त्याऐवजी आवाज, ताल, वर्तमानपत्रांचे चुरगळे, ओढणीची दोन टोकं दोघांनी धरून तिचा ताण सांभाळणं.

ड्रामा थेरपीत स्यू जेनिंग्ज यांची मांडणी प्रसिद्ध आहे : आधी शरीर, मग वस्तूंमधून व्यक्त होणं, मग भूमिका. या मुलांबरोबर आम्ही क्रम फिरवला. ज्या शरीराशी लढाई चालू आहे तिथून सुरुवात केली तर दार पहिल्याच दिवशी बंद होतं. म्हणून आधी वस्तू. एका ट्रेमध्ये बटणं, किल्ल्या, शंख, गोट्या, मोडकं घड्याळ, चिमुकली माणसं आणि प्राणी. भातुकली त्यात ठेवू नये, तव्या-पातेल्यांपाशी सगळं अडतं. ‘तुमच्या घरातली माणसं यातून निवडा’ असंही लगेच सांगायचं नाही. आधी एखाद्या बेटावर राहणाऱ्यांची वस्ती मांडायची. मुलं घर मांडतातच, फक्त त्याला बेट म्हणतात.

तिसऱ्या-चौथ्या सत्रात मूली लहाद यांची सहा भागांची गोष्ट घेतली. ए-थ्री कागदाला घड्या घालून सहा चौकोन करायचे : पात्र आणि त्याचं ठिकाण, त्याचं काम, मदत करणारं कोणी, अडथळा, त्याला तोंड कसं दिलं, आणि मग काय झालं. वीस मिनिटं चित्रं, मग गोष्ट सांगणं. इथे घोळ होतो तो नीटनेटकेपणाचा. पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर दिसले की अर्धा तास पहिल्याच चौकोनात जातो. म्हणून फक्त जाड तेलखडू द्यायचे. दुसरं, मदत करणाऱ्याचा चौकोन अनेकदा रिकामा राहतो. तो भरायला लावू नये. पुढच्या सत्रात इतरांनी आपापल्या गोष्टीतलं एखादं पात्र त्या चौकोनाला उसनं द्यायचं, घ्यायचं की नाही ते गोष्टीच्या मालकाने ठरवायचं. बहुतेक जण घेतात. नाही घेतलं तरी हरकत नाही.

पोशाखांबद्दल : मापाचं काहीही नको. ओढण्या, उपरणी, टोप्या, छत्र्या, शाली. एखादा झब्बा कुणाला घट्ट झाला की ते सत्र तिथेच संपतं.

ऑगस्टमध्ये आजारालाच पात्र केलं. आजार म्हणजे मी नव्हे, तो माझ्यापासून वेगळा आहे, ही कल्पना मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या नॅरेटिव्ह थेरपीतून आलेली. बऱ्याच ठिकाणी त्याला सरळ राक्षस करतात आणि त्याला हाकलून लावण्याचं नाटक बसवतात. आमच्या मते हे घाईचं आहे. अॅनोरेक्सिया मुलीला बराच काळ मैत्रीण वाटते : सगळं आवाक्यात ठेवणारी, परीक्षेच्या धास्तीत सोबत करणारी, कधीही न सोडून जाणारी. तिला पहिल्याच दिवशी राक्षस म्हटलं की मुली मान डोलावतात आणि आतून मिटतात. म्हणून आधी मैत्रीण म्हणून तिला पत्र, पुढच्या आठवड्यात त्याच पत्त्यावर तक्रारीचं पत्र. पत्रं गटात वाचायची ती लिहिणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने.

मग रिकामी खुर्ची, तिच्यावर एक कापड. तो आजार. इथले नियम कडक ठेवा. स्वतःच्या आजाराची भूमिका स्वतः करायची नाही. दुसऱ्या मुलालाही देऊ नये, कारण त्या आवाजाला वाक्यं तोंडपाठ असतात आणि बोलणाऱ्याला त्यात ताकद मिळाल्यासारखी वाटते. आवाज थेरपिस्टने द्यायचा, आधी मुलाने लिहून दिलेल्या तीन-चार वाक्यांपुरता, आणि पाच मिनिटांत थांबायचं. नाट्यदृष्ट्या प्रसंग ऐन रंगात आलेला असतो तेव्हा थांबणं सोपं नाही. थांबलं नाही तर तो आवाज मुलाबरोबर घरी जातो आणि शनिवारचं रात्रीचं जेवण बुडतं, किंवा मध्यरात्री फ्रिज रिकामा होतो.

पात्रातून बाहेर येण्याच्या पंधरा मिनिटांना म्हणूनच हात लावायचा नाही. पावणेसहाला मुख्य काम बंद म्हणजे बंद. कापड घडी करून पेटीत, खुर्ची मूळ जागी, हातपाय झटकणं, स्वतःचं नाव मोठ्याने सांगणं. मग प्रत्येकाने, ‘त्या पात्रात आणि माझ्यात हे एक सारखं, हे एक वेगळं.’ शेवटी खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधणं वगैरे साधे खेळ. कुणी ‘मी ठीक आहे’ म्हणून हे टाळू लागलं तर त्याच्याकडे आधी लक्ष द्या.

पावसाळ्यात पुण्यात संध्याकाळी नदीकाठी ढोलताशा पथकांचा सराव सुरू होतो. हॉल नदीपासून लांब घ्या, नाहीतर रिकाम्या खुर्चीशी कुजबुजत बोलणं चाललेलं असताना बाहेर ताशा कडाडतो. शिवाय या वयाच्या मुलांना स्वतःला पथकात जायचं असतं. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणं म्हणजे भरपूर श्रम, त्यामुळे परवानगी डॉक्टरांची, आमची नव्हे. ज्यांना नकार मिळाला त्यांच्यासाठी आम्ही तालाचं काम वाढवलं. १६ ऑगस्टला दहीहंडी होती, ते सत्र सकाळी साडेनऊला घेतलं. स्पीकर टळले, पण नाश्त्याची वेळ सांभाळायला आठवड्याआधी प्रत्येक घरी फोन करावे लागले.

गणपतीच्या सुट्टीआधीचं, २३ ऑगस्टचं सत्र आग्रहावर होतं. ‘एकच मोदक, माझ्यासाठी.’ ‘किती वाळलीस गं!’ ‘आता कशी छान भरलीस!’ यातलं शेवटचं वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं आणि सर्वात जास्त लागतं, कारण ऐकणारी ‘भरलीस’चा अर्थ ‘जाड झालीस’ असा घेते. इथे ऑगस्टो बोआल यांच्या फोरम थिएटरची पद्धत वापरली : प्रसंग एकदा होतो, दुसऱ्यांदा बघणारा कुणीही ‘थांबा’ म्हणून पात्राची जागा घेतो आणि वेगळं उत्तर देऊन पाहतो. रंगमंचावर ताट नाही, वाटी नाही, मोदक नाही, फक्त माणसं. आत्याची भूमिका करायला सगळेच उत्सुक असतात. कामी आलेली उत्तरं छोटी होती. ‘आत्या, माझं ताट आई वाढते.’ ‘माझ्या दिसण्याचं नको, कॉलेजचं विचार ना.’ पानावरून उठून पळणं आणि रागाने दोन मोदक गिळणं, यांच्यामध्ये काहीतरी असतं हे करून बघितल्यावर पटतं.

३० ऑगस्ट आणि अनंत चतुर्दशीच्या ६ सप्टेंबरला सत्र नव्हतं. पेठांतले रस्ते बंद असताना कुणी पोचत नाही. दोन आठवड्यांच्या खंडाने गट सैल पडतो. १३ सप्टेंबरला हजेरी कमी होती आणि आलेल्यांतही अवघडलेपण होतं. त्या दिवशी नवं काहीच घेऊ नये, ट्रे आणि बेट पुन्हा काढावं.

उरलेल्या सत्रांत रॉबर्ट लँडी यांच्या भूमिकांच्या पद्धतीवर काम केलं. प्रत्येकाने आपल्या भूमिका चिठ्ठ्यांवर लिहायच्या : टॉपर, धाकटी, गोलकीपर, आजीची लाडकी, ‘पेशंट’. आजार वाढतो तसतशा बाकीच्या चिठ्ठ्या गळतात, एकच उरते. गळलेली एखादी भूमिका, तिची विरुद्ध भूमिका आणि दोघींना वाट दाखवणारी तिसरी, असे तीन गाद्यांवर आळीपाळीने बसून संवाद. शरीराचं थेट काम इथे कुठे हळूच आलं : आळशी माणूस कसा बसतो, रागावलेला गोलकीपर कसा उभा राहतो. कागदावर आडवं झोपवून शरीराची बाह्यरेषा काढायचा लोकप्रिय प्रकार आम्ही केला नाही. गटात त्या रेषांची तुलना होणारच.

पालकांच्या बैठका महिन्यातून एक, वेगळ्या. पहिल्या बैठकीतला प्रश्न ठरलेला : ‘नाटक करून खायला कधी लागणार?’ जेवणाची जबाबदारी पालक, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांची, आमची नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. दुसरी मागणी शेवटी ‘छोटासा कार्यक्रम’ करण्याची. फिरोदिया आणि पुरुषोत्तम या कॉलेजच्या नाट्यस्पर्धांच्या शहरात ती मुलांकडूनही येते, कुणी प्रकाशयोजनेपर्यंत पोचतं. आम्ही ठाम नाही म्हटलं. प्रेक्षक आले की पुन्हा दिसणं आलं, गुण आले.

मोजमाप म्हणून ईडीई-क्यू ही मागच्या २८ दिवसांतल्या खाण्याच्या लक्षणांवरची प्रश्नावली सायकॉलॉजिस्टने गटाआधी आणि नंतर, एकेकट्याला बसवून भरून घेतली. सात जणांच्या आकड्यांवरून आम्ही कोणताही दावा करत नाही. ती उत्तरं ज्याच्या त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली.

४ ऑक्टोबरला, दसऱ्यानंतरच्या शनिवारी, शेवटचं सत्र. समाप्तीची तयारी आधीच्या तीन आठवड्यांपासून, किती सत्रं उरली हे मोठ्याने सांगत. तरी शेवटच्या आठवड्यात काहींची लक्षणं वाढतात. हे डॉक्टरांना आधी कळवून ठेवा, म्हणजे औषधं घाईने बदलली जात नाहीत. गोष्टींचे कागद आणि पत्रं ज्याची त्याला दिली. न्यायची की फाडायची ते त्यांनी ठरवलं. आमच्याकडे प्रती नाहीत, फोटो नाहीत. फाइलमध्ये राहिली संमतीपत्रं, डॉक्टरांची पत्रं आणि आमच्या नोंदी, कुलपात.

पाठपुराव्याची भेट दिवाळीच्या फराळाचे आठवडे उलटून गेल्यावर, ८ नोव्हेंबरला ठेवली. येताना डॉक्टरांचं ताजं पत्र आणायचं, आधीच्याच चाचण्यांसह.